‘युरोप’ नावाचा पॅक आणि ब्रिगचे स्थानक : परदेशात वापरलेल्या ई-सिमचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आम्ही पती-पत्नी चौदा दिवस इटली, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स असे फिरून आलो. कोणत्याही सहल कंपनीचे बोट न धरता, आगगाड्यांची आणि राहण्याची सोय स्वतःच करून गेलो होतो. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्या माणसाला परदेशात इंटरनेट लागते ते मुख्यतः फोटो पाठवायला. स्वतः आखून जाणाऱ्याला मात्र गाडी कोणत्या फलाटावर येणार, घराच्या कुलपाचा आकडा काय, बंद पडलेल्या रस्त्याला पर्याय कोणता, या साऱ्यासाठी ते लागते. त्यामुळे निघण्यापूर्वी महिनाभर मी या एकाच विषयाचा बराच अभ्यास केला आणि अखेरीस डेक्कनवरच्या, परकीय चलन विकणाऱ्या एका दुकानातून ई-सिम विकत घेतले. त्या ई-सिमचा आणि ते विकणाऱ्या सेवेचा हा अनुभव आहे. दुकानाचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्यातली चूक थोडी त्यांची आणि थोडी माझी आहे, आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट नावापेक्षा ती चूक हीच आहे.

आधीचे दोन अनुभव गाठीशी होते. काही वर्षांपूर्वी थायलंडला गेलो तेव्हा बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडताच ओळीने सिमची काउंटरे दिसली. तिथल्या मुलीने पारपत्र घेतले, माझा फोटो काढला, सौभाग्यवतींच्या कानातल्याच्या टोकाने फोनचा सिमचा कप्पा उघडला आणि पाच मिनिटांत फोन चालू करून हातात दिला. मला अजूनही वाटते की एकाच देशात जायचे असेल आणि तो थायलंडसारखा पर्यटकांना सरावलेला असेल, तर याहून सोपा मार्ग नाही. दुसरा अनुभव दुबईचा होता. तिथे मी आपल्याकडच्या मोबाइल कंपनीचे रोमिंग पॅक न घेताच फोन चालू ठेवला. विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर बॅगांची वाट पाहत असताना फोनने आपणहून फोटोंची प्रत साठवायला सुरुवात केली आणि महिनाअखेर आलेले बिल पाहून घरात दोन दिवस कोणी माझ्याशी नीट बोलले नाही. तेव्हापासून ‘डेटा रोमिंग’ हे शब्द दिसले की माझा हात आखडतो.

ई-सिम म्हणजे फोनमध्ये घालायचे वेगळे कार्ड नव्हे. फोनच्या आत कायमची बसवलेली एक चिप असते आणि मोबाइल कंपनी आपली सारी माहिती इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरवते. आपला फोन याला चालतो की नाही हे पाहण्यासाठी फोन लावायच्या पडद्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश एवढे दाबावे. येणाऱ्या यादीत आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाच्या बरोबरीने ‘ईआयडी’ असा बत्तीस आकडी क्रमांक दिसला तर चालतो, नाहीतर नाही. माझ्या फोनमध्ये तो दिसला. सौभाग्यवतींचा फोन तीनच वर्षांचा असूनही त्यात तो नव्हता. म्हणून एकच ई-सिम घ्यायचे आणि त्यांना माझ्या हॉटस्पॉटवर नेट द्यायचे असे ठरले. (या निर्णयामुळे चौदा दिवस आम्हाला एकमेकांपासून वीस पावलांपेक्षा लांब जाता आले नाही, हा त्याचा गुण की दोष याविषयी घरात मतभेद आहेत.)

दुकानातूनच का घेतले, हेही सांगायला हवे. परदेशी सिम भारतात विकायचे असेल तर दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि ते नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो व होलाफ्लाय ही ई-सिम विकणारी, जगभर वापरली जाणारी दोन ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढण्यात आली होती. परदेशी पाय ठेवल्यावर पैसे अडकले, दाद मागायला कोणी नाही, अशी वेळ येऊ नये म्हणून मी प्रमाणपत्र असलेला भारतीय विक्रेता शोधला. त्याचा आणखी एक फायदा असा की पैसे रुपयांत, यूपीआयने देता येतात. परदेशी संकेतस्थळावर कार्ड वापरले असते तर बँकेने विनिमयापोटी साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावला असता. दुकानाने पारपत्राची आणि व्हिसाची प्रत मागितली, नंबर पडताळला आणि ‘युरोप, दहा जीबी, तीस दिवस’ असे लिहिलेली १,८५० रुपयांची पावती दिली. सगळा व्यवहार वीस मिनिटांत, नीटनेटका झाला. काउंटरवरच्या तरुणाने पॅक कधी सुरू होतो हे न विचारता सांगितले : ई-सिम फोनमध्ये आजच उतरवून ठेवा, दिवस मोजायला सुरुवात तिथल्या नेटवर्कला फोन जोडला की होईल. प्रत्येक कंपनीचा नियम असा असतोच असे नाही, तेव्हा हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारावा.

घरी आल्यावर पहिली अडचण अगदी बाळबोध निघाली. स्कॅन करायचा क्यूआर कोड ईमेलने आला तो ज्या फोनवर, तोच फोन त्या कोडकडे रोखायचा होता, आणि आपलाच डोळा आपल्याला कसा दिसणार? लॅपटॉप मुलाकडे होता. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्या कोडची छापील प्रत काढली आणि ओट्यावर ठेवून स्कॅन केली. पुढे ही प्रत मी पारपत्राच्या पाकिटात ठेवली खरी, पण तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण बहुतेक कंपन्यांचा कोड एकदाच चालतो. फोनमधून ई-सिम चुकून काढून टाकले, तर तोच कोड पुन्हा स्कॅन करून ते परत येत नाही. त्यामुळे प्रवासात काही बिघडले तर ई-सिम ‘बंद’ करावे, ‘काढून’ कधीही टाकू नये. फोन त्या नव्या सिमला नाव द्यायला सांगतो. मी भोळेपणाने ‘युरोप’ असे नाव दिले.

मिलानला उतरलो आणि फोन सुरू केला. नेटवर्कच्या रेघा दिसत होत्या, पण इंटरनेट येईना. पाच मिनिटे विमान मोड चालू-बंद करून पाहिल्यावर दुकानातल्या तरुणाचे वाक्य आठवले : ‘ई-सिमचे डेटा रोमिंग चालू करायला विसरू नका.’ दुबईच्या बिलाने पोळलेल्या माणसाला हे बटण दाबणे सोपे नव्हते. पण या एका बटणात या साऱ्या धंद्याचे मर्म आहे. आपण विकत घेतलेले ‘युरोप’चे ई-सिम इटलीतल्या कंपनीचे नसते. ते तिसऱ्याच कुठल्यातरी देशातल्या कंपनीचे असते आणि इटलीत ते आपल्यासारखेच पाहुणे असते. पाहुण्याला रोमिंग लागणारच. फरक एवढाच की इथले भाडे आधीच भरलेले आहे आणि पॅक संपला तर नेट बंद पडते, बिल चढत नाही. म्हणून ई-सिमचे रोमिंग चालू ठेवायचे, भारतीय सिमचे डेटा रोमिंग मात्र काटेकोरपणे बंद ठेवायचे, आणि एका सिमची रेंज गेली की आपोआप दुसऱ्या सिमवरून डेटा घेण्याची जी सोय फोनमध्ये असते तीही बंद करायची. ही तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि नेमकी तीच महागात पडते.

ई-सिम पाहुणे असल्याचा पुरावा त्याच संध्याकाळी मिळाला. मिलानच्या चौकात उभे राहून जवळचे शाकाहारी उपाहारगृह शोधायला गेलो, तर फोनवर पोलिश भाषेतल्या जाहिराती दिसू लागल्या. आपण पाठवलेली विनंती इटलीतल्या मनोऱ्यावरून आधी त्या मूळ कंपनीच्या देशात जाते, तिथून इंटरनेटवर बाहेर पडते आणि त्याच वाटेने परत येते. हा वळसा नकाशा पाहताना किंवा संदेश पाठवताना जाणवत नाही, पण व्हिडिओ कॉलवर जाणवतो. पुण्याला आईशी बोलताना तिचा ‘जेवलात का?’ हा प्रश्न आणि आमचे उत्तर यांच्यात रोज एक चमत्कारिक शांतता असे आणि मग दोघे एकदम बोलू लागत. हा दोष आहे, पण तक्रार करण्याइतका मोठा नाही. उलट काही देशांत हाच वळसा कामाला येतो. चीनमध्ये स्थानिक सिमवर व्हॉट्सॲप आणि गूगल उघडत नाहीत, पण बाहेरच्या देशाचे रोमिंग सिम असेल तर ती विनंती बाहेर जाऊनच उघडत असल्यामुळे सहसा उघडते.

मिलान आणि व्हेनिस मिळून पाच दिवस सेवा चोख चालली. व्हेनिसच्या बोळांत, जिथे दोन भिंतींमध्ये छत्रीही उघडता येत नाही, तिथे नकाशावरचा बाण भोवऱ्यासारखा फिरत असे. पण तो दोष उपग्रहाचा, इंटरनेटचा नव्हे. सहाव्या दिवशी मिलानहून स्वित्झर्लंडमधल्या स्पीझला जाणारी गाडी पकडली. डोमोडोसोला हे इटलीतले शेवटचे मोठे स्थानक गेले, गाडी सिम्प्लॉनच्या बोगद्यात शिरली आणि दुपारी सव्वाच्या सुमारास स्वित्झर्लंडच्या बाजूला ब्रिगला बाहेर आली. बोगद्यात रेंज गेली याचे काही वाटले नाही. ब्रिगच्या फलाटावर गाडी उभी असतानाही ती आली नाही, तेव्हा मी सेटिंगमध्ये जाऊन हाताने नेटवर्क निवडून पाहिले. स्विसकॉम, सनराइज, सॉल्ट या तिन्ही कंपन्यांची नावे समोर येत होती आणि तिघीही एकामागून एक नकार देत होत्या.

तेव्हा पाकिटातली छापील प्रत काढून पहिल्यांदाच तिच्या तळाशी असलेला बारीक मजकूर वाचला. देशांची नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने होती. स्वीडन होते, त्याच्या पुढे स्वित्झर्लंड असायला हवे होते, ते नव्हते. इकडे इंटरलाकेनला जे घर भाड्याने घेतले होते त्याच्या किल्लीच्या पेटीचा आकडा मालकीणबाई दुपारी व्हॉट्सॲपवर पाठवणार होत्या. “अहो, आता कुठे जायचं आपण?” असे सौभाग्यवतींनी ज्या शांतपणे विचारले, त्याने मला जास्त धडकी भरली.

यातून जी वाट निघाली ती सांगण्यासारखी आहे. भारतीय सिमवर डेटा बंद असला तरी निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतले होते आणि खात्यात थोडे पैसे होते. त्यावरून मुलाला साधा एसएमएस पाठवला. पुण्यात तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि तो हिंजवडीत कामावर होता. त्याने तिथूनच माझ्या नंबरवर एक दिवसाचा रोमिंग पॅक मारला, साडेसहाशे रुपयांचा. प्रीपेड नंबरचे रिचार्ज घरातले कोणीही, कुठूनही करू शकते ही साधी गोष्ट अशा वेळी दैवी वाटते. लोट्शबर्गचा साडेचौतीस किलोमीटरहून लांब बोगदा पार करून गाडी स्पीझला पोहोचेपर्यंत पॅक सुरू झाला होता. त्या डेटावर मालकीणबाईंचा संदेश उतरला आणि फलाटावरच बसून मी फक्त स्वित्झर्लंडचे, तीन जीबीचे दुसरे ई-सिम ७२० रुपयांना घेतले. ई-सिम फोनमध्ये उतरवायलाही इंटरनेट लागते, हा त्यातला पेच आहे. ते विमानतळावर किंवा गाडीत बसून करू असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

घरी आल्यावर या वगळण्याचे कारण शोधले, तेव्हा ते भूगोलात नसून कायद्यात सापडले. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांमध्ये फिरणाऱ्या नागरिकांवरचे जादा रोमिंग दर बंद केले आणि २०२२ मध्ये ही तरतूद २०३२ पर्यंत वाढवली. त्याचबरोबर एका देशातल्या कंपनीने दुसऱ्या देशातल्या कंपनीकडून घाऊक दराने किती घ्यायचे यावरही कमाल मर्यादा घातली. ती २०२२ मध्ये दर जीबीला दोन युरो होती आणि दरवर्षी उतरत २०२७ मध्ये एक युरोवर येणार आहे. ‘युरोप’ पॅक स्वस्त मिळतात ते या घाऊक मर्यादेच्या बळावर. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन संघात नसूनही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड मात्र नाही, आणि संघातून बाहेर पडल्यापासून ब्रिटनही नाही. म्हणजे स्वित्झर्लंडला खेटून असलेल्या चिमुकल्या लिख्टेनस्टाइनमध्ये माझा पॅक चालला असता, पण आपल्याकडचा प्रत्येक पर्यटक युरोपात ज्यासाठी जातो त्या बर्फाच्या डोंगरावर चालणार नव्हता. स्विस कंपन्या आपला दर स्वतंत्रपणे ठरवतात. म्हणून विक्रेते एकतर त्या देशाला वगळून पॅक स्वस्त दाखवतात किंवा त्याला धरून वेगळा, महाग पॅक ठेवतात. त्याच दुकानात तसा पॅक २,३०० रुपयांना होता, हे मला नंतर कळले.

पॅरिसला पोहोचल्यावर पहिले ई-सिम पुन्हा जागे झाले आणि शेवटपर्यंत त्याने काही त्रास दिला नाही. चौदा दिवसांत दोघांत मिळून दहापैकी सहा जीबीच्या आसपास वापरले गेले. स्वित्झर्लंडचे दोन जीबी वेगळे. नकाशाला डेटा फारच थोडा लागतो. खातो तो व्हिडिओ कॉल, आणि त्याहून अधिक आपल्या नकळत उतरणारे फोटो आणि चित्रफिती. व्हॉट्सॲपमध्ये रोमिंगवर असताना आपोआप काय उतरवायचे याची वेगळी सोय आहे. ई-सिम रोमिंगवरच असल्यामुळे तिथल्या सगळ्या खुणा काढून टाकल्या की सोसायटीच्या गटावरचे रोजचे सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक तिथेच थांबतात. गावांचे नकाशे आधी उतरवून ठेवले होते. रेंज नसतानाही आपण कुठे आहोत हे त्यावर दिसते, पण बस आणि गाड्यांची माहिती इंटरनेटशिवाय मिळत नाही. हॉटस्पॉट दिवसभर चालू ठेवल्याने माझा फोन तीन वाजेपर्यंत मान टाकत असे, त्यामुळे पॉवर बँक हा या स्वस्ताईचा अलिखित खर्च धरावा. ‘अमर्याद’ म्हणून विकले जाणारे पॅक मी याच कारणाने घेतले नव्हते, कारण त्यांतल्या अनेकांत रोजच्या ठरावीक डेटानंतर वेग उतरतो आणि काहींत हॉटस्पॉटवर बंधन असते.

भारतीय सिम काढून खणात ठेवावे असा सल्ला मला दोघातिघांनी दिला होता. तो ऐकला नाही हे बरे झाले. कार्डाने तिकीट काढताना येणारा ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे सहसा पडत नाहीत. येणाऱ्या कॉलचे मात्र पॅक नसेल तर मिनिटावर पडतात, म्हणून भारतातून आलेले कॉल न उचलता सर्वांशी व्हॉट्सॲपवर बोललो. व्हॉट्सॲपचा नंबर जुनाच राहतो. नवे सिम पाहून ॲप नंबर बदलायचा का असे विचारते, तेव्हा ‘नाही’ म्हणावे.

आता हिशेब. १,८५०, ७२० आणि ६५० मिळून आमचे ३,२२० रुपये झाले. आपल्याकडच्या माझ्या मोबाइल कंपनीचा चौदा दिवस पुरेल असा पॅक तेव्हा माणशी चार हजारांच्या घरात होता, म्हणजे दोघांचे आठ हजार. त्यात स्वित्झर्लंड धरलेले होते, काही उतरवायचे नव्हते आणि कॉलही होते. ज्यांना फोनच्या सेटिंगमध्ये शिरायचा कंटाळा आहे, किंवा जे पाच-सहा दिवसांसाठीच जाणार आहेत, त्यांना मी तोच घ्यायला सांगेन. बाकीच्यांसाठी ई-सिम निम्म्याहून कमी खर्चात काम भागवते, आणि मी यादी वाचली असती तर आणखी ९२० रुपये वाचले असते.

परत आल्यावर कंपनीला ईमेल लिहिला. तिसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आले आणि सोबत देशांच्या त्याच यादीची प्रत आली. यादी दिली होती हे मला मान्य आहे. पण आमच्या व्हिसाची प्रत आणि प्रवासाचे देश दुकानाने स्वतःच्या हाताने नोंदवून घेतले होते, त्यात स्वित्झर्लंडचे नाव होते आणि तरीही पावतीवर नुसते ‘युरोप’ लिहिले गेले. दुकानात जाऊन हे दाखवले, तेव्हा त्या तरुणाने वाद घातला नाही. पुढच्या खरेदीत दोनशे रुपये कमी करू, एवढेच म्हणाला. वेग, किंमत आणि वागणूक यांत मला या सेवेत खोट काढता येत नाही. विकताना विचारायचा एक प्रश्न ते विचारत नाहीत, ही उणीव मात्र खरी आहे.

दिवाळीनंतर माझी मेहुणी आणि तिचे यजमान लंडन आणि पॅरिसला जाणार आहेत. त्यांना मी त्याच दुकानात पाठवले आहे आणि पावतीवर ‘युरोप’ न लिहिता दोन्ही देशांची नावे लिहून घ्या, असे बजावून सांगितले आहे.